बंडूला आधी कुणी सांगितलं नाही

सुध्या, बंडू अखेर नव्या टीमकडून उतरला. गुडघ्याला पट्टा, खांदे पडलेले, आणि चुकीच्या पंगतीत जेवायला बसलेल्या माणसासारखा चेहरा. पहिल्या हाफमध्ये त्याचा एकही लांबचा बॉल आत गेला नाही. कॅम्प तीनला हरेशच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, जीन्सच्या गठ्ठ्यांना टेकून, आम्ही दोघंच बघत होतो. हरेशने सवयीने तीन डिश दाल पकवान मागवलं होतं. तिसरी डिश त्याने आधी झाकून ठेवली, मग उघडली, मग खाली जाऊन शेजारच्या दुकानात देऊन आला. वर येऊन म्हणाला, "साईं, सुधाभाई असते तर आत्ता टीव्हीला शिव्या घातल्या असत्या."

मी हो म्हटलं. पण तू शिव्या घातल्या नसत्यास. तू तोंडात बडीशेप टाकून गप्प बसला असतास. मॅच संपल्यावर, शेअर रिक्षापर्यंत चालताना, मला एकट्याला म्हणाला असतास, "त्याला वाईट वाटतंय रे. बघ ना, मनगट वळतच नाहीये."

बंडू हे नाव तुझंच. एवढा अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा स्टार, जाहिरातीत झळकणारा, पण फ्री थ्रो घेण्याआधी दोन्ही हातांनी चड्डी वर ओढतो. तू म्हणालास, हा आमच्या गल्लीतला बंडू, नाव कुठलंही लावू दे. मग त्यांचा कोच हेडमास्तर झाला. उंच सेंटर पाण्याची टाकी झाला. सातासमुद्रापारची अख्खी टीम तू अंबरनाथला आणून बसवलीस. माझ्या बायकोला अजूनही वाटतं की बंडू तुझ्या ऑफिसात आहे. एकदा मला विचारत होती, "त्या बंडूचा गुडघा बरा झाला का हो? बिचाऱ्याला रजा तरी देतात का?"

मी कमी बोलणारा माणूस. हे तुला माहीत होतं आणि तू त्याचा कधी त्रास करून घेतला नाहीस. आपण जे काही एकमेकांशी बोललो, ते बंडूच्या नावावर बोललो. तो फॉर्मात नसला की तू म्हणायचास, "घरी काहीतरी बिनसलंय त्याचं," आणि मला कळायचं की तुझ्या घरी काहीतरी बिनसलंय. माझी कंपनी बंद झाली तेव्हा तू रोज सकाळी अंबरनाथहून हेंद्रेपाड्याला माझ्या घरी यायचास. ड्युटीला जायच्या आधी, उलट्या दिशेने. कधी एकदाही विचारलं नाहीस की पक्या, आता काय करणार. दारातूनच सुरू व्हायचास, "काल टाकीने किती रिबाउंड घेतले माहितीये?" मी त्या दिवसांत पलंगावरून उठलो तो त्या रिबाउंडच्या आधारावर. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आभार मानायचे असतात हे मला माहीत होतं, कसे ते माहीत नव्हतं.

आपला एकच वाद होता आणि तो काही मिटला नाही. बंडूने टीम सोडावी की नाही. दर वर्षी थंडीत त्या लीगमध्ये ट्रेडची हवा सुटते. एक क्लब दुसऱ्याला आपला खेळाडू देतो, त्याचा घेतो, आणि बहुतेक वेळा त्या खेळाडूला कुणी विचारतही नाही. हरेश फोन घेऊन बसायचा आणि एकेक अफवा वाचून दाखवायचा.

"साईं, लिखा है बंडू जा रहा है. पक्का."

"कोणी लिहिलंय?" तू विचारायचास.

"सूत्रांनी."

"सूत्राला म्हणावं पोटमाळ्यावर ये, पकवान खा, आणि माझ्या तोंडावर बोल."

मी म्हणायचो, त्याने जावंच. किती वर्षं उरलीत त्याची खेळायची? ही टीम काही जिंकत नाही. तू चिडायचास. तुझं म्हणणं, माणूस जिथे वाढला तिथे त्याचं काहीतरी देणं असतं. मी म्हणायचो, देणं फेडता फेडता गुडघे गेले. तू म्हणायचास, "पक्या, तू हिशेबी आहेस." हरेश मध्ये पडायचा, "अरे दोघं गप्प बसा, फ्री थ्रो आहे."

तुझं पोट तिथेच दुखायला लागलं. तू गठ्ठ्यावर आडवा झालास आणि म्हणालास, हरेश, आज तेल जुनं वापरलंय पकवानवाल्याने.

कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तुला बाहेर बसवून शैलावहिनींना आणि मला आत बोलावलं. का, ते मी आजवर विचारलं नाही. असंच करतात, आणि आपल्यालाही ते बरोबर वाटतं. पेशंट बाहेर, नातेवाईक आत. डॉक्टरांनी सांगितलं ते मी पुन्हा लिहीत नाही. स्वादुपिंड, पसरलेलं, ऑपरेशनचा उपयोग नाही, आणि प्लेऑफच्या अलीकडेच संपणारी एक मुदत. प्लेऑफ, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेऱ्या, हा शब्द त्यांचा नाही, माझा. ते महिन्याचं नाव बोलले आणि माझ्या डोक्यात आधी लीगचं वेळापत्रक आलं. त्याचीही लाज वाटते.

वहिनींनी दाराची मूठ धरली, पण दार उघडलं नाही. म्हणाल्या, "भावोजी, यांना कळता कामा नये. माझ्या वडलांना सांगितलं होतं. सांगितल्यावर ते खाटेवरून उठलेच नाहीत. आणि केतकीलाही नको. पोरीच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, यांना लगेच कळेल. शपथ घ्या."

मी घेतली. बाहेर येऊन तुला म्हणालो, "अल्सर आहे."

"म्हणजे तिखट बंद?"

"तिखट बंद, आणि हरेशचं पकवान बंद."

"त्यापेक्षा मारून टाका," तू म्हणालास आणि हसलास. वहिनीही हसल्या. मीही हसलो, सुध्या. तिथून घरी येईपर्यंत रिक्षात आपण हेडमास्तरला नावं ठेवली.

त्यानंतर माझी झोप गेली. कुणीही कुठेही बोलेल अशी धास्ती. मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी बघून तुझ्याकडे वेगळं बघेल. शेजारचे आजोबा म्हणतील, त्या डॉक्टरांकडे? ते तर कॅन्सरचे. हॉस्पिटलात त्या मजल्यावर एक मोठी पाटी होती. लिफ्ट उघडली की मी तुझ्या पुढे यायचो, छाती काढून, पाटीच्या आणि तुझ्या मध्ये. आपण कोर्टावर समोरच्याची वाट अडवायला स्क्रीन लावायचो तसा. एकदा तू म्हणालासही, "अरे, बाजूला हो ना, चालू दे मला." फोन वाजला की वाटायचं, झालं, कुणीतरी सांगितलं. तू "पोटात आज परत" एवढं म्हणालास की मी लगेच म्हणायचो, हेडमास्तरने बंडूला बेंचवर बसवला बघ. दर वेळी. तुझा पहिला शब्द पुरा होऊ द्यायचो नाही. माझ्या पडत्या काळात तू माझ्यासाठी जे केलंस तेच मी तुझ्यासाठी करतोय, अशी मी माझी समजूत घालत होतो. त्यातला फरक मला आता दिसतो. माझी नोकरी गेलीय हे मला माहीत होतं.

थंडी सरत आली होती, तुला जरा बरं वाटत होतं, तेव्हा तू म्हणालास, चल, कोर्टावर जाऊ. फॅक्टरीच्या कॉलनीतलं ते सिमेंटचं कोर्ट, जिथे आपण खेळायचो. तू मध्ये एकदाच थांबलास, तोही चप्पल नीट करायचं निमित्त करून. आपण कठड्यावर बसलो. समोर कुणी खेळत नव्हतं, दोन गाड्या लावलेल्या होत्या. आणि तू केतकीबद्दल बोललास.

तू तिच्याबद्दल कधी बोलायचा नाहीस. मला आठवत होती ती याच कोर्टावरची केतकी, घामाने वेणी चिकटलेली, आणि रेषेबाहेर तू ओरडतोयस, "डावा हात! डावा हात!" ती जिल्ह्यापर्यंत खेळली. कॉलेजात असताना एक दिवस बूट बांधायचेच नाहीत म्हणाली. तू चार पालकांसमोर म्हणालास, माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीस. त्यानंतर तुमच्यात जेवलीस का, पोहोचलीस का, एवढंच उरलं. लग्न झालं, तिने बदलापूरला शिरगावात संसार थाटला. तू दिवाळीला जायचास आणि तिच्या घरी पेपर उघडून बसायचास.

कठड्यावर तू म्हणालास, "पक्या, ती खेळतच नव्हती रे. मी तिच्याकडून माझं राहिलेलं खेळून घेत होतो. सोडलं तेव्हा मी तिच्यावर चिडलो नव्हतो. मी घाबरलो होतो, की आता माझ्याकडे काय आहे. हे तिला सांगायचंय. माफी बिफी नाही. म्हणजे, माफीच. पण तो शब्द मला जमायचा नाही."

मी समोरच्या गाड्यांचे नंबर वाचत बसलो.

मग तू माझ्याकडे वळलास. "उद्या जाऊ का? का जरा अंगात ताकद येऊ दे? असा मरतुकडा गेलो तर ती माझ्या तब्येतीकडेच बघत बसेल, ऐकणार काही नाही. त्यापेक्षा प्लेऑफ सुरू झाले की जातो. चार दिवस राहतो. सकाळी तिच्याबरोबर मॅच बघता बघता सांगून टाकतो. तुला काय वाटतं?"

तू खरंच विचारत होतास. माझ्या उत्तरावर ठरवणार होतास. बदलापूरला जाणारी रिक्षा कॉलनीच्या दारात उभी असते, उद्या कशाला, आत्ताही गेलो असतो. मला शपथ मोडायचीही गरज नव्हती, सुध्या. "जा, उद्याच जा" एवढं म्हणायला कुठलीही शपथ आड येत नव्हती. पण मला वाटलं, मी घाई केली तर तू विचारशील, एवढी घाई का.

मी म्हणालो, "ताकद येऊ दे आधी."

तू मान हलवलीस. तुला बरंही वाटलं बहुतेक. अवघड काम पुढे ढकललं गेलं की वाटतं तसं.

पुढच्याच आठवड्यात ट्रेड झाला. हरेश शहाळी घेऊन घरी आला तो दारातच ओरडला, "सुधाभाई, बंडू गया!" तू तेव्हा उशीला टेकून बसायला लागला होतास, पाय सुजायला लागले होते. मी हरेशला डोळ्याने खुणावत होतो, पण त्याला कोण थांबवणार. मला वाटलं तू चिडशील, निदान माझ्यावर, की झालं ना तुझ्या मनासारखं. तू विचारलंस भलतंच.

"त्याला आधी सांगितलं होतं?"

"कुणाला?"

"बंडूला. त्याला कुणी सांगितलं?"

"टीव्हीवर पाहिलं म्हणे त्याने. हॉटेलात जेवत होता, समोर टीव्हीवर त्याचाच फोटो."

"आणि हेडमास्तरला माहीत होतं?"

"सबको मालूम था, साईं. मालक, कोच, सगळे. धंदा आहे. माल को थोडी बताते हैं कहां जा रहा है."

तू हसला नाहीस. म्हणालास, "म्हणजे आदल्या दिवशी त्याच्याबरोबर प्रॅक्टिस केली असेल सगळ्यांनी. पाठ थोपटली असेल. आणि ज्याचं आयुष्य, त्यालाच पत्ता नाही."

आतून वहिनींचा आवाज आला, "भावोजी, चहा घेणार ना?" जरा जास्तच मोठ्याने. मी चहा घेत नाही हे त्यांना माहीत आहे. मी हो म्हणालो.

हरेश गेल्यावर तू माझ्याकडे बघत होतास. मी शहाळ्यात नळी नीट बसवत होतो. तू म्हणालास, "पक्या, तुझं बरोबर असेल. जायला हवं होतं त्याने. पण ते त्याला ठरवू द्यायचं होतं रे." मग अगदी सहज, "तुला काही बोलायचंय?"

दार उघडं होतं, सुध्या. इतकं सताड उघडं दार मला आयुष्यात कुणी करून दिलं नाही. आणि मी म्हणालो, "नव्या टीमचा सेंटर चांगला आहे. बंडूला पास मिळतील."

"हं," तू म्हणालास, आणि भिंतीकडे वळलास. "मिळतील."

तुला माहीत होतं का? मी दिवसभर हेच उलटसुलट करत असतो. माहीत असतं तर तू केतकीला बोलावलं असतंस, म्हणजे माहीत नव्हतं. पण मग ते "ज्याचं आयुष्य" कुणासाठी होतं? की तुला कळलं ते त्याच क्षणी, माझा चेहरा बघून, आणि तोवर शिरगाव लांब गेलं होतं? की तू फक्त बंडूबद्दल बोलत होतास आणि मी माझ्या भीतीने त्यात बाकीचं घातलं? तू एकदा शिवी दिली असतीस तरी सुटलो असतो. त्यानंतर तू ना पोटाबद्दल बोललास ना केतकीबद्दल. मॅचबद्दल मात्र बोलत राहिलास, जणू माझी सोय बघत होतास.

केतकी आली तेव्हा तू औषधाच्या गुंगीत होतास. ती तुझे पाय चेपत बसली. तिला अल्सरच माहीत होता, फुटला असं वाटत होतं. वहिनींनी तिला नंतर सांगितलं की आम्हालाही शेवटीच कळलं. मी तिथेच उभा होतो. मी मान डोलावली.

दहाव्याला घाटावरून परतताना ती माझ्याबरोबर मागे राहिली. "काका, बाबा माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का?"

"बोलायचा की. नेहमी."

"काय बोलायचे?"

"हेच. कशी आहे, वेळेवर जेवते का."

"हं," ती म्हणाली. अगदी तुझ्यासारखं. आणि पुढे निघून गेली.

तिला हवं होतं ते माझ्या खिशात होतं आणि मी तिला सुटे पैसे नाहीत म्हणावं तसं परत पाठवलं. तुझे शब्द तिला दिले तर ती विचारणार, कधी म्हणाले? कोर्टावर, असं म्हटलं तर विचारणार, मग आले का नाहीत? आणि तिथून सगळा धागा उसवत आमच्यापर्यंत येणार. वहिनींना मुलगी तेवढी एकच उरलीय. शपथ त्यांची आहे. पण निरोप तुझा आहे, आणि तू तो ठेवायला दिला नव्हतास, विचारायला आला होतास.

शेवटी मी वहिनींकडे गेलो. म्हणालो, मी केतकीला सांगणार आहे. त्या गव्हातले खडे वेचत होत्या, वेचतच राहिल्या.

"पोर माझं तोंड बघणार नाही, भावोजी."

"तुमचं नाव घेणार नाही मी."

"माझं नाव न घेता कसं सांगाल? आत आपण दोघंच होतो." एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "यांचं माझ्या वडलांसारखं होऊ नये म्हणून मी केलं. हेही सांगा तिला. मला नाही जमायचं."

आज दुपारी शिरगावला गेलो. केतकीचा नवरा कामावर होता. तिने मला बघून चहा ठेवला. मी घेत नाही हे तिला माहीत नाही. मी बसलोही नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोललो, थांबलो असतो तर पुन्हा सेंटर आणि पास सुरू झालं असतं. आधी तुझे शब्द दिले. जसेच्या तसे. मी चिडलो नव्हतो, घाबरलो होतो, हे वाक्य ऐकताना तिने ओट्याची कड धरली. माफी हा शब्द तुला जमत नव्हता, तेही सांगितलं. मग हॉस्पिटल, आतली खोली, शपथ, तिच्या आजोबांची खाट, आणि मी म्हणालो ते, ताकद येऊ दे आधी. तू मला विचारलं होतंस, हे मी गाळलं नाही. गाळायचा मोह झाला.

ती रडेल असं वाटलं होतं. ओरडेल असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं.

"हे म्हणाले तेव्हा बाबा चालत होते?"

"हो. घरापासून कोर्टापर्यंत चालत आला होता."

"म्हणजे इथे येऊ शकले असते."

मला म्हणता आलं असतं की सांगता येत नाही, दुखत होतं त्याला, रस्ता खराब आहे. सगळी उत्तरं तयार होती, सुध्या, माझ्याकडे ती नेहमीच तयार असतात.

"हो," मी म्हणालो. "येऊ शकला असता."

तिने गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तिथेच उभा राहिलो.